रुसक्याचं पाणी

वळण आलं तशी ती थांबली आणि तिने फोन डोक्यावर उंच धरला, अंधारात कंदील धरावा तसा. पडद्याच्या कोपऱ्यात एक रेघ उमटली, विझली, पुन्हा उमटली. तेवढ्यात फोन वाजलाच.

"अगं, चमचा कुठला?" नवऱ्याचा आवाज हौदातून यावा तसा घुमत आला. "आईला पाणी पाजायचा."

"लांब दांड्याचा. पेल्याशेजारी पालथा ठेवलाय."

"इथे दोन आहेत."

"लांब दांड्याचा एकच आहे हो."

"मला दोन्ही लांबच दिसतायत. आणि आई म्हणतेय की…"

आई काय म्हणत होत्या ते डोंगराने ऐकू दिलं नाही. रेघ विझली ती विझलीच. तिने हात आणखी उंच केला, टाचा उचलल्या, मग वाटेच्या कडेच्या दगडावर चढून पाहिलं.

"उतर खाली, वहिनी, पडशील," पुढून वन्संचा आवाज आला. "चमचाच आहे, घर सोडून पळून नाही जायचा. पन्नाशीला आलाय दादा, सापडेल त्याला."

"इथून पुढे रेंज नाही."

"मग बरंच झालं. आपण नाही हे एकदा कळलं ना, की पुरुषांना सगळं सापडायला लागतं."

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण. मोठ्या शहरातल्या बसस्थानकावर काचेच्या खोलीत बसून त्या गाड्यांच्या घोषणा करत. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं मूल हरवलं, कुणाची छत्री सापडली. दिवसभर बोलणं हेच काम, त्यामुळे ही गप्प बसायचं विसरून गेली आहे, असं आई लेकीबद्दल म्हणायच्या. वर्षातून एकदा वन्सं येत, आणि त्यांच्याआधी त्यांचा आवाज घरात शिरे.

ती दगडावरून उतरली. फोन पिशवीत टाकला, चार पावलं चालली, आणि पुन्हा काढून हातात धरला. हात रिकामा असला की तिला काहीतरी विसरल्यासारखं होई.

वाट फार अवघड नव्हती. पायथ्याच्या गावातली पोरं खेळत खेळत वर जाऊन येत. तिचेच पाय जड झाले होते, ओले कपडे अंगावर घालून चालावं तसे. आणि कान अजून मागेच होता, खाली, घरात, पुढच्या खोलीतल्या पलंगापाशी. आईंचं कमरेखालचं अंग गेलं त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. मागोमाग आवाज गेला. राहिली ती नुसती कुजबुज आणि उजव्या हाताच्या बोटातली अंगठी. काही हवं असलं की त्या अंगठी स्टीलच्या पेल्यावर आपटायच्या. टण् टण्. कूस बदलायची असली की टण् टण्, खिडकी लावायची असली की टण् टण्, आणि कधी काहीच नको असलं तरीही, कुणी आहे ना, एवढंच बघायला. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर रात्रपाळीला. म्हणजे रात्र तिची एकटीची. तिची झोप आता विरलेल्या कापडासारखी झाली होती, कुठेही बोट लागलं की फाटायची.

दिवसा ती त्याच पलंगाशी बसून शिंप्याकडच्या शर्टांना काज-बटण करी. गेल्या महिन्यात एक गठ्ठा परत आला. सगळ्या शर्टांची काजं उजव्या पट्टीवर पाडलेली. पुरुषांच्या शर्टाचं काज डावीकडे, हे तिला कुणी झोपेत विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पाडली मात्र तिने ती झोपेतच होती. शिवण चुकली तर उसवता येते. एकदा पाडलेल्या काजाचं काही करता येत नाही. शिंपी ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो गठ्ठ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, थोडे दिवस आराम करा." नवा गठ्ठा त्याने दिला नाही.

त्या दिवशी तिने ठरवलं. वन्सं आल्या की विचारायचं. दोन महिने आईंना तुमच्याकडे न्या. एवढंच वाक्य. भांडी घासताना, चादर बदलताना, आईंच्या पाठीला पावडर लावताना ते तिने मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. पण घरात दोघींना एकांत कुठला? आई ऐकत, नवरा डोळे चोळत मध्ये येई, पेला वाजे. उद्या सकाळच्या गाडीने वन्सं परत निघणार होत्या, आणि वाक्य अजून तोंडातच होतं.

म्हणून काल आईंनी डोंगरावरच्या रुसक्या झऱ्याचं नाव काढलं तेव्हा तिला देव पावल्यासारखं झालं. आईंनी पाणी पिणं जवळपास सोडलं होतं. पत्र्याची चव येते म्हणत. नळाचं पत्र्याचं, उकळलेलं पत्र्याचं, विकतच्या बाटलीतलंही पत्र्याचं. डॉक्टर म्हणाले होते, काहीही करा, पण पाणी पोटात गेलं पाहिजे. तर काल संध्याकाळी आई लेकीला जवळ बोलावून कुजबुजल्या, "रुसक्याचं आणा. त्याला चव होती." वन्सं आधी हसल्या, मग आईचा सुकलेला ओठ बघून हसायच्या थांबल्या. "जाऊ या आम्ही दोघी," ती लगेच म्हणाली होती. डोंगरावर पेला वाजणार नव्हता. डोंगरावर दोघीच असणार होत्या.

पण डोंगरावर वन्सं बोलत होत्या.

"तुला सांगते वहिनी, आमच्या बिल्डिंगचा जिना. जिना कसला, शिडीच ती. कपाट घेतलं ना मागे मी, तर चौघं जण लागले. एक वरून ओढतोय, एक खालून शिव्या देतोय. मधल्या वळणावर अडकलं ते अडकलंच. शेजारची बाई दार उघडून बघते तर दारासमोर कपाट. अर्धा दिवस बिचारी घरात कोंडली."

"वन्सं, मी काय म्हणत होते…"

"तीच ती बाई, आता नोकरीतून मोकळी झाली. दिवसभर घरी. इतकी कंटाळते, इतकी कंटाळते, की मी कामावरून आले की माझ्याकडे येऊन बसते आणि भिंतीकडे बघते. बघ, बघ, इथे वाट कशी खचलीये. सांभाळून ये."

ती सांभाळून आली. थोडं पुढे गेल्यावर तिने पुन्हा सुरुवात केली, आणि वन्संनी वाटेच्या कडेचा कठडा दाखवला, कसा गंजलाय म्हणून. तिसऱ्यांदा केली तेव्हा स्थानकावरच्या नव्या साहेबाची गोष्ट आली. तेव्हा तिच्या लक्षात आलं. दारावर थाप पडली की उघडायचं नसलं तर माणूस आतून जोरजोरात भांडी घासायला लागतं, तशा वन्सं बोलत होत्या. त्यांना ठाऊक होतं. कदाचित आल्या त्या दिवसापासूनच ठाऊक होतं.

तिला राग यायला हवा होता. पण रागालाही थोडी ताकद लागते. ती वन्संच्या टाचांकडे बघत चढत राहिली. डाव्या बुटाची टाच एका बाजूने झिजलेली होती.

"आणि गाडी आलीच नाही तर काय सांगता हो तुम्ही?" तिने विचारलं. निदान आपल्याला ऐकायचं ते तरी ऐकावं, असं वाटून.

"थोड्याच वेळात येत आहे, म्हणते."

"कुठे आहे ते माहीत नसलं तरी?"

"माहीत नसलं तरच. खरं सांगितलं तर माणसं काच फोडतील. थोड्याच वेळात म्हटलं की बसतात बिचारी. डबा उघडतात. बायका पोरींच्या वेण्या घालतात. काही तर चक्क झोपतात. आणि गाडी असते कुठेतरी घाटात तोंड वर करून."

"म्हणजे खोटं बोलता."

"खोटं नाही गं. धीर देते." वन्सं दम घ्यायला थांबल्या, कमरेवर हात ठेवून. "सगळ्यांना देते. मला कोण देतं ते विचारू नकोस."

हे शेवटचं त्या हसत म्हणाल्या, पण हसू तोंडावर फार वेळ टिकलं नाही.

वरून एक म्हातारं जोडपं उतरत होतं. पुढे नवरा काठी टेकत, मागे बायको रिकामा कॅन हलवत.

"आलं का पाणी?" वन्संनी विचारलं.

"कसलं येतंय," म्हातारा म्हणाला. "हिने सारखं वळून वळून बघितलं. सांगत होतो, बघू नकोस, पाठ करून बस."

"मी कशाला बघेन? तुमचं घोरणं ऐकून आत पळालं असेल ते." म्हातारीने कॅन दुसऱ्या हातात घेतला. "आम्ही उठलो ना, आता येईल बघा. मेलं आमच्या उठण्याचीच वाट बघत असतं."

दोघं भांडत भांडत वळणाआड गेली. त्यांचे आवाज बराच वेळ ऐकू येत होते, मग फक्त काठीचा.

वाट संपते तिथे डोंगराने ओठ मुडपल्यासारखी एक काळी कपार होती. तिच्याखाली दगडात कोरलेला, माणसाच्या मिठीत मावेल एवढा, तळाला चीर गेलेला हौद. हौदाच्या काठाला साखळीने अडकवलेला एक पत्र्याचा पेला, तो आत पालथा पडलेला. शेवाळ सुकून करडं झालं होतं. पाण्याचा थेंब नव्हता. पाणी इथे होतं म्हणायला फक्त काठावरची ती झीज होती, वर्षानुवर्षं एकाच जागी उशी ठेवली की गादीला पडते तसली.

हा झरा सगळ्या झऱ्यांसारखा वाहत नसे. कधी भरभरून येई, घटकाभर खळखळे, आणि मध्येच मनात काही आल्यासारखा थांबे. मग पुन्हा केव्हा येईल त्याचा नेम नाही. डोंगराच्या पोटात एक पोकळी आहे, ती काठोकाठ भरली की एकदम रिकामी होते, असं शाळेतल्या मास्तरांनी फळ्यावर वाकडी नळी काढून समजावलं होतं. आईंचं म्हणणं वेगळं. तो रुसतो. मनधरणी केली की येत नाही, तोंडाकडे बघत बसलं की मुळीच येत नाही. त्याच्याकडे पाठ करायची आणि आपलं काम करत राहायचं. आवाज होता तेव्हा आई हे गाण्यात सांगायच्या, लेकरं जेवायला रुसली की:

रुसलं रुसलं पाणी
डोंगराच्या पोटी
पाठ करून बसा गं
मग येईल ओठी

वन्संनी तिन्ही बाटल्यांची बुचं काढली, बाटल्या हौदाच्या काठाशी ओळीने मांडल्या. मग दोघी समोरच्या सपाट दगडावर झऱ्याकडे पाठ करून बसल्या. समोर दरी होती. खाली गावाची छपरं, त्यातलं एक आपलं असणार, पण कुठलं ते ओळखू येत नव्हतं. तिने फोन पाहिला. रेघ नव्हती.

"बघू नकोस सारखं," वन्सं म्हणाल्या. "तोही रुसेल."

ती हसली नाही. वन्संनी पिशवीचा पट्टा सारखा केला, मग पुन्हा सारखा केला. वारा अंगावरून जात होता. चढण्याने वन्संचा श्वास अजून आखूड होता. बोलणं श्वासाबरोबर संपलं होतं. हीच वेळ होती.

"वन्सं," ती म्हणाली, "मला तुम्हाला एक विचारायचं होतं."

वन्संनी या वेळी ना कठडा दाखवला ना साहेबाची गोष्ट काढली. त्यांनी हात मांडीवर घट्ट धरले आणि दरीकडे बघत म्हणाल्या, "विचार."

वाक्य तयार होतं. तिने श्वास घेतला. बोलण्याआधी ती नेहमी क्षणभर थांबायची, पेला वाजतोय का ते ऐकायला. ती सवय आता हाडात गेली होती. तशीच थांबली. कान खाली गेला, वळणापर्यंत, वळणाच्या खाली, गावापर्यंत. काही नव्हतं. कान शोधत राहिला आणि त्याला काही सापडेना. दगड उन्हाने तापून ऊबदार झाला होता. दुपारच्या उन्हात वाळलेल्या गोधडीसारखा.

"दोन…" ती म्हणाली.

*

टण् टण्.

"आले, आई, आले," ती म्हणाली आणि हाताने चपला चाचपू लागली. दिव्याचं बटण कुठे गेलं? पलंग या बाजूला होता ना? टण् टण्, टण् टण्, आज एवढ्या घाईने, पाणी सांडलं की काय, कसला हा खळखळाट…

खांद्यावर एक हात आला. जड, ओला, ऊन लागलेला.

"मी बघते," कुणीतरी अगदी जवळून, अगदी हळू म्हणालं. "तू नीज."

इतकी वर्षं या वाक्याची तिने वाट पाहिली होती, हे तिला त्या क्षणी कळलं. आणि कोण म्हणतंय ते विचारायला ती थांबली नाही.

*

पुन्हा डोळे उघडले तेव्हा समोरची दरी अर्धी सावलीने भरली होती. डोक्याखाली घडी केलेली शाल होती, वन्संची. पायांतले बूट कुणीतरी काढून शेजारी शेजारी ठेवले होते. अंग इतकं हलकं झालं होतं की तिला भीतीच वाटली. कुठेतरी काहीतरी ठेवून आलो आणि ते आता सापडणार नाही, तशी.

"मी झोपले?" ती धडपडून उठून बसली.

"डोळा लागला होता जरासा."

"आलं का पाणी?"

"नाही," वन्सं म्हणाल्या. "अजून आलेलं नाही."

ती वन्संकडे बघत राहिली. वन्संच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. कपाळावर केसांच्या बटा चिकटल्या होत्या. बुटांतून हलल्यावर पचपच आवाज येत होता. तिने मान किंचित वळवली. शेवाळ हिरवंगार, चकाकत होतं. हौद चिरेतून रिकामा होत आला होता, काठावरून शेवटचे थेंब ओघळत होते. काठाशी मांडलेल्या बाटल्या तिथे नव्हत्या; वन्संची पिशवी तळाशी फुगली होती आणि तिच्याखालचा दगड काळा पडला होता. दिवसभर धाग्याच्या आकाराची भोकं पाहणारे डोळे तिचे. त्यांना एवढं दिसायला वेळ लागत नाही.

तिने मान पुन्हा दरीकडे वळवली.

"काही विचारलं का मी तुम्हाला?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

"दोन म्हणालीस."

"दोन काय?"

"तेच. दोन म्हणालीस आणि आडवी झालीस. मी वाट बघतेय, आता पुढचं सांगेल, आता सांगेल. म्हटलं, दोन चमच्यांचंच काही असेल." वन्संनी दरीकडे पाहिलं. "मग झोपेत बोलायला लागलीस."

"काय बोलले?"

"आले म्हणत होतीस. आले, आई, आले. सारखी." वन्सं थांबल्या. "आणि हात असे करत होतीस."

त्यांनी करून दाखवलं. डावा तळहात हवेत कुणाच्या तरी मानेखाली गेला, मान जराशी उचलली. उजव्या हातातला न दिसणारा चमचा सावकाश पुढे आला, वाट बघत थांबला, अंमळ कलला. चमच्याच्या टोकाशी सांडलेलं अंगठ्याने टिपलंही. हे सगळं आपण झोपेत करतो, हे तिला माहीत नव्हतं. आपण जागेपणी नेमकं असंच करतो, हेही कधी तिने बाहेरून पाहिलं नव्हतं. वन्सं हात तसेच हवेत धरून बसल्या, गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ. मग ओली बाही तोंडावरून फिरवली.

"किती बारीक झाली गं आई," त्या म्हणाल्या. "चार दिवस झाले येऊन, मी तिची चादरसुद्धा बदलली नाही. भीती वाटते मला. हात लावला आणि काही मोडलं तर."

"मोडत नाही काही. खांद्याखालून धरायचं."

"खांद्याखालून," वन्सं स्वतःशी म्हणाल्या, कुठल्याशा गाडीचा नंबर लक्षात ठेवावा तसं.

खाली कुणीतरी कुत्र्याला हाक मारली. सावली आणखी एका छपरावर चढली. वन्संबरोबर गप्प बसायची तिची ही पहिलीच वेळ होती.

"त्या जिन्याने कपाट चढलं होतं," वन्सं म्हणाल्या.

तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"चौघं लागले, पण चढलं. आई काही कपाटाएवढी जड नाही." वन्सं पिशवीच्या पट्ट्याशी खेळत होत्या. "शेजारची बाई आहेच. भिंतीकडे बघते त्यापेक्षा आईकडे बघेल. उद्याची गाडी सोडते मी. परवा एखादी मोटार बघू, आडवं झोपवून नेता येईल अशी. दादाला सांग तू. नको, मीच सांगते."

तोंडातलं ते वाक्य, घासून घासून गुळगुळीत झालेलं, अजून तिथेच होतं. आता त्याचं काय करायचं ते तिला कळेना. गाठ मारून झाल्यावर दोरा दातांनी तोडतात, तसे तिने ओठ मिटले आणि उघडले.

"पेला बरोबर द्यावा लागेल," ती म्हणाली. "दुसऱ्यातून पीत नाहीत त्या."

"बरं."

"आणि रात्री वाजवतात. काही नको असलं तरी वाजवतात. तेव्हा फक्त हूं म्हणायचं. उठून गेलं नाही तरी चालतं. मी जाते, पण चालतं."

"बरं. आणि चमचा?"

"लांब दांड्याचा."

"दादाला सापडला तर."

तेव्हा मात्र ती हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि तिला ते पुसायचाही कंटाळा आला. तिने बुटांकडे हात नेला. वन्संनी पायाने बूट थोडे लांब सरकवले.

"कुठे निघालीस? पाणी यायचंय अजून."

"ऊन उतरायला लागलं."

"अजून बराच उजेड आहे. दादा आहे तिथे. एवढा मोठा पंप चालवतो, आई सांभाळेल घटकाभर."

डोंगराच्या पोटात काहीतरी हललं. घोट घशात अडकून मग खाली उतरावा तसा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. कपारीतून पहिले थेंब सुटले आणि हौदातल्या पालथ्या पेल्यावर पडले.

टण् टण्.

तिचा हात दगडावरून उचलला गेला. तिचा तिला दिसला, हवेत, बोटं पसरलेली. टण् टण्. तो हात तिने सावकाश खाली आणला आणि मांडीवर ठेवला.

मग पाणी आलं. पाठीमागे हौद भरू लागला, भरून पाणी काठावरून उसळू लागलं, दगडांतून वाट काढत दोघींच्या बाजूने दरीकडे धावू लागलं. त्याचे तुषार तिच्या मानेवर आले. थंडगार. वन्संनी मागे वळून पाहिलं नाही. पाठ ताठ केली, घसा साफ केला आणि दरीकडे तोंड करून, काचेच्या खोलीतल्या त्या संथ, सगळ्यांना धीर देणाऱ्या आवाजात म्हणाल्या,

"कृपया लक्ष द्या. पाणी अजून आलेलं नाही. थोड्याच वेळात येत आहे."

"मग थांबू या," ती म्हणाली आणि पाठ तशीच ठेवून शालीवर कलंडली.